सीलबंद ग्रंथावर सविस्तर चर्चा

जूनमधल्या एका रविवारी सकाळी कारंजा लाड येथील चित्रकथा संग्राहक मंडळाची विशेष सभा अध्यक्ष शिखरचंदजी यांच्या धान्याच्या दुकानावरच्या माडीत भरली. विषयपत्रिकेवर विषय एकच होता: सूर्यरथ प्रकाशनाने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त काढलेल्या महाग्रंथावर सविस्तर चर्चा करणे. ग्रंथ मधोमध पाटावर ठेवला होता. त्याच्यावर कंपनीने चढवलेलं पारदर्शक प्लास्टिक जसंच्या तसं होतं, आणि ते तसंच राहावं याबद्दल सभेत कुठलाही मतभेद नव्हता. सगळ्यांनी साबणाने हात धुतले होते. ग्रंथाला हात लावायचा नव्हता, तरीही धुतले होते.

मी मंडळाचा सचिव. नाव हरीओम, राहणार वाशीम. एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो, त्यामुळे कुठल्याही कागदाचं काय करायचं हे मला कळतं आणि त्यात काय लिहिलंय याच्याशी माझा संबंध येत नाही. हा गुण पाहूनच मंडळाने मला बिनविरोध निवडलं. गेल्या काही दिवसांत या ग्रंथावरून मंडळाबद्दल नको नको ते बोललं जातंय. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवतो. मंडळाचं काय चुकलं हे ज्याला सापडेल त्याने लेखी कळवावं.

आधी आमची प्रतवारी समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चित्रकथेच्या प्रतीला मंडळ तीन श्रेणी देतं. सर्वांत वरची 'अनाघ्रात', म्हणजे छापखान्यातून निघाल्यापासून जिचं प्लास्टिक निघालेलं नाही. तिच्याखाली 'हाताळलेली'. आणि सगळ्यांत खाली, नाइलाजाने, 'वाचलेली'. वाचलेली प्रत घेऊन कुणी सभेला आला तर आम्ही त्याला पाणी देतो, बसायला जागा देतो, फक्त प्रत चपलांजवळ ठेवायला सांगतो. शिखरचंदजींची नात एकदा एक अंक चक्क वाचताना सापडली होती. लहान आहे म्हणून तिला समज देऊन सोडण्यात आलं.

सूर्यरथच्या चित्रकथा आपल्याकडे माहीत नाहीत असा माणूस विरळा. त्यांचा नायक अदृश्यराव. संकट आलं की अदृश्यराव मंत्र पुटपुटायचा आणि दिसेनासा व्हायचा. संकट पहिल्याच पानावर यायचं. त्यामुळे पुढे शेवटपर्यंत त्याचा घोडा मेघ्या तेवढा धावताना दिसायचा, पाठीवर रिकामं खोगीर घेऊन. मालकाची यात शाई वाचायची असं म्हणतात. ते काही असो, अदृश्यरावाने आमच्या पिढीवर जे संस्कार केले ते दिसणाऱ्या माणसांना जमले नाहीत.

तर अशा प्रकाशनाचा हा ग्रंथ. लग्नातल्या पाटाएवढा लांबरुंद, आणि वजन असं की दुकानातल्या हमालाने तो पाठीवर घेऊन वर आणला. प्रती मोजक्याच निघाल्या, आणि आपल्या जिल्ह्यात ही एकच आली. खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'प्रथमच! पडद्यामागच्या सर्व कलावंतांच्या नावांसह.' हे वाक्य मी उतरवून घेतलं आणि ग्रंथ आल्याची बातमी पेपरात दिली तेव्हा त्यात घातलं. पुढचा सगळा ताप या वाक्याने झाला.

चर्चेला सुरुवात नीलम मॅडमनी केली. त्या महाविद्यालयात मराठी शिकवतात आणि मंडळाच्या समीक्षक आहेत. त्या म्हणाल्या, "ग्रंथ मौलिक आहे यात शंका नाही. पण मधल्या प्रकरणांत थोडा पसरटपणा आल्यासारखा वाटतो."

"कशावरून?" अंकितने विचारलं. हा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो आणि मंडळाची तांत्रिक बाजू सांभाळतो.

"जाडीवरून," मॅडम म्हणाल्या.

अंकितने मान डोलावली. मग त्याने प्लास्टिकची जाडी, त्याची शिवण आणि कोपऱ्यांवरचा ताण यांबद्दल फार उद्बोधक माहिती दिली. शेवटी शिखरचंदजींनी ठराव मांडला, तो मी शब्दशः देतो: 'सदर ग्रंथ अत्यंत वाचनीय असल्याने तो कोणाकडूनही वाचला जाणार नाही याची मंडळाने दक्षता घ्यावी.' ठराव एकमताने मंजूर झाला. नीलम मॅडमनी ग्रंथाला मंडळाचा उत्कृष्ट वाङ्मय पुरस्कार देण्याची सूचना केली, तीही मंजूर झाली. चहा आला.

चहाच्या वेळी जिन्यात काठी वाजली. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला हात लावत लावत वर आले. मागून त्यांची बायको होती. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून माझी बातमी छापलेला पेपर डोकावत होता.

"राम राम," गृहस्थ म्हणाले. "थे सूर्यरथचं बुक इथंच आहे ना?"

"इथंच आहे, या, बसा," शिखरचंदजी म्हणाले. माणूस मोठा अगत्यशील. "हे पाहा, हे काय समोर. फकत हात नोका लावू."

"मले एकच पान पाह्यचं आहे. नावाचं."

"कोनाचं नाव?"

"माह्यं."

त्यांचं नाव जानराव, राहणार आसेगाव. तरुणपणी ते सूर्यरथच्या छापखान्यात कामाला होते. तिथली कामाची पद्धत अशी, की एका खोलीत ओळीने माणसं बसायची. एकजण राजवाडे काढायचा, एकजण राक्षस, एकजण नुसते बोलण्याचे फुगे आणि त्यातली अक्षरं. पुस्तकावर नाव मात्र एकट्या मालकाचं यायचं. जानराव शेतकऱ्याचं पोर, जनावरांवर हात बसलेला, म्हणून त्यांना घोडा दिला होता. मेघ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीच काढला.

"मेघ्या?" अंकित म्हणाला. "अदृश्यरावचा मेघ्या?"

"मंग दुसरा कोनता?" जानराव म्हणाले.

आता त्यांची बायको, तुळसाबाई, पुढे झाली. "आसेगावात याले सारे फेकाड्या म्हनते. लगन झालं तवापासून आयकून राह्यली मी. वरातीत घोडा दिसला का पोट्टे वरडते, जानरावबुवा, थो पाहा तुमचा घोडा चालला! हे म्हनते मी काढला, अन् पुस्तकावर नाव दुसऱ्याचंच. कोन इस्वास ठेवीन? मी तरी कुठं ठेवला होता पह्यले." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "अन् आता नजर जाऊन राह्यली याची. वाशीमच्या डाक्टरनं सांगतलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर वापस येत नाही. जे पाह्यचं थे पाहून घ्या म्हने. दुसरा मानूस असता तं कुठं देवाले जाऊ म्हनला असता. याले हे पुस्तक पाह्यचं आहे."

इथे स्पष्ट करतो, की आमच्यापैकी कुणी दगडाचा नव्हता. सगळ्यांचं मन हेलावलं. शिखरचंदजींनी तर डोळ्यांना रुमाल लावला. पण मन हेलावणं हे काही प्लास्टिक फाडण्याचं कारण होऊ शकत नाही. उद्या जिल्ह्यातला कुणीही उठेल आणि मन हेलावायला येईल.

"तोंडी विनंतीची नोंद घेता येत नाही," मी म्हणालो. "अर्ज करा."

तुळसाबाईंनी पिशवीतून अर्ज काढला. तो कुणाकडून तरी लिहून घेऊनच आणला होता. ही माणसं सरकारी कचेऱ्यांत जाऊन आलेली होती हे मला त्यावरून कळलं. अर्जावर मी आवक क्रमांक घातला आणि पोच दिली.

अर्ज विचारार्थ घेताना पहिला प्रश्न साहजिकच असा निघाला, की अर्जदार म्हणतात ते खरं कशावरून? मालक वारले, त्यांचा जुना छापखाना मोडला, खोलीतले बाकीचे कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही. पुरावा म्हणून ग्रंथातलं नाव दाखवता आलं असतं, पण ग्रंथ उघडायचा की नाही हे तर पुराव्यावर अवलंबून होतं. नीलम मॅडमनी ही अडचण फार सुंदर शब्दांत मांडली.

"कागद द्या," जानराव म्हणाले.

मी विषयपत्रिका पालथी करून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, अगदी नाक टेकेल इतकी, आणि खुरापासून सुरुवात केली. आधी मागचा पाय, मग पोटाची रेघ, मग मान. पेन एकदाही उचललं नाही. आयाळ आली आणि माझ्या अंगावर काटा आला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. लहानपणी उशीखाली ठेवून झोपायचो तो मेघ्या विषयपत्रिकेच्या मागच्या बाजूला उभा होता.

"हाच तो!" अंकित ओरडला, आणि शाई वाळायच्या आत त्याने कागद चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला. पाकीट सीलबंद झालं. श्रेणी, अनाघ्रात. ते कुणाकडे राहावं यावर बराच वेळ गरमागरम चर्चा झाली आणि शेवटी शिखरचंदजींच्या तिजोरीवर एकमत झालं. जानराव कागदासाठी पुढे केलेला हात तसाच धरून बसले होते.

"एक मुद्दा राहिला," मॅडम म्हणाल्या. "यांनी घरी जाऊन असे आणखी घोडे काढले, तर या घोड्याचं दुर्मिळपण कुठे राहिलं?"

मुद्दा बिनतोड होता. मी लगेच हमीपत्राचा मसुदा केला: 'मी खाली सही करणार असे लिहून देतो, की मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय यापुढे कोणताही घोडा काढणार नाही.' जानरावांना वाचून दाखवला.

"मी तं रोज काढतो," ते म्हणाले. "सकायी उजेड असते तवा. पोट्ट्यायच्या पाटीवर, भितीवर, कुठंबी. दिसते तवरक हात चालू ठेवा लागते."

"सही केली तर अर्जाचा विचार लवकर होईल," मी म्हणालो.

"पुस्तक दाखवसान ना मंग?"

"सकारात्मक विचार होईल."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांनी सही केली, आणि सहीला पेन उचलून उचलून कितीतरी वेळ लागला. मग दोघं एसटी गाठायला निघून गेले.

अर्जदार खरा आहे हे आता सिद्ध झालं होतं. पण माणूस खरा निघाला म्हणून ग्रंथ उघडता येत नाही, म्हणून मंडळाने पर्यायी मार्ग शोधायला घेतले. यात आम्ही कसूर केली असं कुणी म्हणू नये. मी इतर जिल्ह्यांतल्या संग्राहकांना फोन लावले: तुमच्या प्रतीत नावांच्या पानावर अमुक नाव आहे का, तेवढं बघून सांगा. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. एकाने तर यापुढे फोन करू नका म्हणून सांगितलं. त्याच्या घरी आई झोपलेली होती आणि असलं बोलणं तिच्या कानावर पडायला नको होतं.

मग मी खुद्द ग्रंथाच्या संपादकांना फोन केला. ते फार सज्जन वाटले. "नाव असेलच," ते म्हणाले. "आम्ही सगळ्यांची नावं घातली आहेत."

"बघून सांगता का?"

"मी? माझी प्रत अनाघ्रात आहे हो," ते म्हणाले. "मजकूर मी तुकड्यातुकड्याने पाठवत होतो. शेवटी काय राहिलं आणि काय उडालं, ते छापखान्यालाच माहीत." ग्रंथ ज्या नव्या छापखान्यात छापला तिथे विचारलं, तर मजकूर बघायची पद्धत नव्हती.

पावसाळाभर हे चाललं. जानराव आणि तुळसाबाई दर सभेला यायचे, जिन्याजवळच्या पोत्यावर बसायचे आणि चहा घेऊन परत जायचे. जानराव मधूनमधून मांडीवर बोट फिरवायचे. काय करताय असं अंकितने विचारलं, तेव्हा त्यांनी बोट मुठीत घेतलं.

अंकितनेच मग आधुनिक उपाय सुचवला. पोटातलं पोट न फाडता दिसतं, तर पुस्तकातलं का दिसू नये? वाशीमला त्याच्या ओळखीचं एक स्कॅन सेंटर होतं. ग्रंथ गादीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून नेण्यात आला. पेशंटचं नाव, वय आणि वजन या रकाने मी भरले. अहवाल सायंकाळी मिळाला. त्यात म्हटलं होतं, की पाठीच्या कण्याला कुठेही इजा नाही, पाणी झालेलं नाही, अधिक तपासणीसाठी तज्ज्ञांना भेटावे. अहवाल मंडळाने समाधान व्यक्त करून दप्तरी दाखल केला. ग्रंथाची प्रकृती ठणठणीत आहे हे लेखी कळणं ही लहान गोष्ट नाही.

तुळसाबाईंना तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बाप्पा, याच्यापरीस याच्या डोयाचे फोटो काढले असते तं बरं झालं असतं."

सोयाबीन निघालं. दिवाळी झाली. अर्जाबाबत मंडळाने एक उपसमिती नेमली, तिच्यात अध्यक्ष, सचिव, नीलम मॅडम आणि अंकित होते. मंडळातही तेवढेच कामाचे आहेत. उपसमितीने शिफारस केली, की प्लास्टिक एका कोपऱ्यात करंगळीएवढं कापून, आत आरसा घालून, फक्त संबंधित ओळ अर्जदारास दाखवावी. ही शिफारस मंडळाकडे गेली. मंडळाने ती अधिक अभ्यासासाठी उपसमितीकडे पाठवली. मला वाटतं, अजून एका महिन्यात निर्णय झाला असता.

तेवढ्यात निरोप आला. तुळसाबाईंनी शेजाऱ्याच्या फोनवरून कळवलं होतं: "तुमी आता त्रास नोका घेऊ. याले दिसत नाही. काल सकायी उठले अन् मले म्हने, खिडकी उघड. खिडकी उघडीच होती."

आम्हाला अतिशय दुःख झालं. शिखरचंदजी त्या दिवशी दुकानावर बसले नाहीत. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच तातडीची सभा त्याच संध्याकाळी भरली. मग बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की अर्ज अजून जिवंत आहे. अर्जदाराची मागणी ग्रंथ पाहायला मिळावा अशी आहे. आणि ग्रंथ उघडा असला काय आणि मिटलेला असला काय, अर्जदाराला आता तो सारखाच दिसणार. म्हणजे ज्या एका अडचणीमुळे सहा महिने परवानगी अडली होती ती दूर झाली होती.

सभेने टाळ्या वाजवल्या. परवानगी एकमताने देण्यात आली.

समारंभ थाटात झाला. माडीवर पताका लावल्या. 'ज्येष्ठ अश्वचित्रकार जानरावजी यांना ग्रंथदर्शन' असा फलक होता. पेढे होते. जानराव नवीन धोतरात आले होते. पायऱ्या त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. शिखरचंदजींनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि नीलम मॅडमनी घोडा या विषयावर भाषण केलं. मग ग्रंथ त्यांच्यासमोर आणून त्यांचे दोन्ही हात अलगद त्याच्यावर ठेवण्यात आले. हातांत मोजे घातलेले होते, ही दक्षता मी घेतली.

जानरावांनी हात फिरवले. चारही कोपरे चाचपले. मग वाकून वास घेतला.

"शाईचा वास नाही येत," ते म्हणाले.

"प्लास्टिक आहे ना," अंकित म्हणाला.

"अजून नाही काढलं?"

तुळसाबाईंनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, अगदी शेवटी माझ्याकडे. मग बांगडीला अडकवलेली पिन काढली, तिचं टोक ग्रंथाच्या काठाला लावलं आणि सरळ खाली ओढली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अंकित "अवो बाई!" म्हणून धावला, पण तोवर ते अर्धं फाटलं होतं, आणि अर्धं फाटलेलं प्लास्टिक हे पूर्ण फाटलेलंच असतं. शिखरचंदजी मटकन पोत्यावर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मले वाचता येत नाही," तुळसाबाई पानं उलटत म्हणाल्या, "पन मेघ्या वळखू येते." त्यांनी थुंकी लावून पानं उलटली, हे नाइलाजाने नमूद करतो. ग्रंथाच्या मध्यावर त्या थांबल्या. दोन पानं भरून मेघ्या धावत होता. त्यांनी नवऱ्याच्या हातातला मोजा काढून फेकून दिला, त्यांचं बोट धरलं आणि चित्रावर ठेवलं. "हे डोकं. हे मान. हे पाठ, खोगीर." जानराव मान तिरपी करून बसले होते आणि त्यांचं बोट आपल्या आपण पुढे चाललं होतं, खुरापर्यंत.

"खाली लिवलं आहे काही," तुळसाबाई मला म्हणाल्या. "वाचा."

मी सचिव आहे. समोर आलेला कागद वाचणं माझं कर्तव्य होतं. मी वाचलं: "मेघ्या. सौजन्य, श्री. शिखरचंद यांचा संग्रह, कारंजा लाड."

शिखरचंदजी पोत्यावरून उठले. "माह्यं नाव आहे?" ते म्हणाले. "त्यायनं जुन्या अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो मांगला होता, मी पाठोला होता. नाव टाकतीन असं वाटलं नव्हतं." त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. अंकितही वाकला, मॅडमनी चष्मा लावला. उघडलाच आहे तर आता बघायला हरकत नव्हती. मी ग्रंथाच्या शेवटचं नावांचं प्रकरण काढलं. पडद्यामागचे सर्व कलावंत या मथळ्याखाली मालक होते, मालकांचे दोन मुलगे होते, जावई होते, कागदाचे व्यापारी होते, प्लास्टिक पुरवणारे होते. छायाचित्रं देणाऱ्या संग्राहकांत चौथ्या ओळीत मी होतो. माझ्या नावातला 'री' त्यांनी बरोबर दीर्घ छापला होता.

"याचं वाचा ना," तुळसाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. घोडा नव्हता, राजवाडे नव्हते, राक्षस नव्हते, फुगे नव्हते. अगदी तळाला एक ओळ होती, ती वाचली: "आणि या कार्यास ज्यांचे ज्ञात-अज्ञात हात लागले, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत."

"म्हंजे आहात ना तुमी याच्यात!" शिखरचंदजी मनापासून म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "अज्ञातमंदी आहात. पेढा घ्या."

जानरावांनी पेढा घेतला नाही. बोट अजून पानावर होतं. "भाऊ," त्यांनी मला विचारलं, "पुढचा उजवा पाय उचललेला आहे का?"

मी पाहिलं. "आहे."

"अन् कान मांगं?"

"मागे आहेत."

"मंग बरा जमला होता," ते म्हणाले, आणि त्यांनी हात काढून घेतला.

तुळसाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची शाल काढली, तिची घडी केली आणि फाटलेल्या प्लास्टिकवर ठेवली. "गावात फेकाड्या म्हनते तं म्हनू द्या, थे अडानी आहे," त्या म्हणाल्या. "तुमाले तं मालूम होतं. यानं तुमच्यासमोर काढला थो घोडा, तुमी उचलून तिजोरीत टाकला. डोये होते तवर याले काढू नाही देलं, अन् पाहू नाही देलं. सहा महिने उजेड होता याच्यापाशी, थोबी तुमी सहीवर ठेवून घेतला. चाला हो." दोघं जिना उतरून गेले. काठीचा आवाज बराच वेळ येत होता.

बाकी मजकूर थोडाच आहे. ग्रंथाची श्रेणी 'वाचलेली' झाल्याने तो नियमानुसार चपलांजवळ ठेवण्यात आला. वाङ्मय पुरस्कार परत घेण्यात आला. तिजोरीतल्या घोड्याला मात्र आता जोडीदार निघण्याची शक्यता उरलेली नाही, त्यामुळे त्याचं महत्त्व वाढलं आहे. हमीपत्राची मुदत ठरवायची राहून गेली होती, तेव्हा ते अजून लागू आहे.

गावात लोक आम्हाला नावं ठेवतात. पेपरात पत्रं आली, समाजमाध्यमांवर तर आम्हाला दगडाच्या काळजाचे वगैरे म्हटलं गेलं. तुम्हीही हे वाचताना मनातल्या मनात आम्हाला चार शिव्या घातल्याच असतील. घाला. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्हीही लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात लपवून चित्रकथा वाचल्या आहेत. त्यातल्या नायकाचं नाव आठवतं? आठवतं. दुष्टाचं? तेही आठवतं. त्या कुणाकडून आणल्या होत्यात आणि परत केल्या नाहीत, तेसुद्धा आठवत असेल. आता त्यातली चित्रं काढली कुणी, त्या माणसाचं नाव सांगा.

सांगा ना. तुमची प्रत तर उघडी होती.